धडगावची गायिका आणि साडेपंचवीस तासांचे व्होटिंग

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा भाग शनिवारी रात्री साडेदहाला संपतो आणि व्होटिंग सुरू होते. रविवारी रात्री बाराला बंद. मधल्या साडेपंचवीस तासांत उरलेल्या सहा स्पर्धकांपैकी एक जण घरी जायचा आहे. सहांत एक मुलगी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरची, पावरा समाजाची, वय १९, शहाद्याच्या कॉलेजात एस.वाय.ला. बाकीचे पाच मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि नाशिकचे. शहाद्यात तिच्यासाठी मतदान समिती बसली आहे: कॉलेजातले दोन प्राध्यापक, बँड चालवणारे एक नाना, मोबाइल दुरुस्तीचा दुकानदार आणि दहा-बारा पोरे. समितीपुढे तीन प्रश्न आहेत. मते कुठून आणायची, कोणत्या नावाने मागायची, आणि तिने पुढे काय गावे.

ही मुलगी, समिती, वाहिनी आणि मतांचे आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत. जिल्हे, कायदे, दंड आणि आधीच्या स्पर्धांचे दाखले खरे आहेत. व्होटिंगचे नियम वाहिनीगणिक बदलतात; इथे एकच साचा धरला आहे: परीक्षकांचे ५० गुण, प्रेक्षकांचे ५०, मते फक्त ॲपवरून, एका मोबाइल नंबरवर एक खाते, एका खात्याला आठवड्याला १० मते.

ती निवडली कशी गेली

आवाज चांगला होता म्हणून, हे तर खरेच. पण अंतिम बारा निवडताना क्रिएटिव्ह टीमच्या फळ्यावर आवाजाशेजारी आणखी दोन रकाने असतात: गाव आणि गोष्ट. सगळे पुण्या-मुंबईचे घेतले तर बाकी महाराष्ट्र कार्यक्रम का बघेल? सगळ्यांची गोष्ट सारखीच असेल तर पहिल्या चार आठवड्यांत दाखवायचे काय? त्यामुळे विदर्भातला एक, कोकणातला एक, कीर्तनकाराच्या घरातला एक, डोंगरातला एक अशी मोळी बांधली जाते. यात वाईट काही नाही. खोट पुढे येते. रकाना एकदा भरला की तो बंद होतो. नवापूरची मावची मुलगी तितकीच चांगली गायली तरी 'आदिवासी मुलगी झाली की आपली' हे उत्तर तयार असते. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात अनुसूचित जमाती सुमारे ६९ टक्के. त्यात भिल्ल आहेत, पावरा आहेत, मावची, कोकणा, धानका, तडवी आहेत. फळ्यावर या सगळ्यांना मिळून जागा एक.

निवडीनंतर 'एव्ही' शूट होते, म्हणजे गाण्याआधी दाखवायची दोन-तीन मिनिटांची ओळखफीत. टीम एका दिवसात येऊन जाते. कुडाचे घर, आईच्या डोक्यावर मोळी, कोंबड्या, मागे बासरी. मुलगी प्रत्यक्षात एसटीने कॉलेजला जाते, मोबाइलवर रियाजाचे रेकॉर्डिंग करते, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाच वर्षे गायली आहे. यातले काहीच फितीत येत नाही. करुणेवर मिळणारी मते पहिले दोन-तीन आठवडे येतात, मग आटतात, कारण प्रेक्षकाला पुढे प्रगती बघायची असते आणि फितीत प्रगतीची सुरुवातच नसते. एव्हीच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी घरच्यांनी एक मागणी करावी: रियाजाचे, कॉलेजचे आणि होळीतल्या मांदल-ढोलाच्या साथीचे किमान एक-एक दृश्य घ्या. टीम बऱ्याचदा ऐकते. तिलाही वेगळे दृश्य हवेच असते.

५०-५० मध्ये दडलेले गणित

समितीने पहिल्या बैठकीत फ्लेक्सची मापे ठरवली. ॲपमधले 'नियम व अटी' हे पान कोणी उघडले नव्हते. ते सर्वांत आधी वाचायचे असते आणि त्यात एक वाक्य शोधायचे असते: मतांचे गुणांत रूपांतर कसे करतात?

समजा या आठवड्याची मते टक्क्यांत अशी पडली: मुंबई २२, पुणे २०, कोल्हापूर १७, धडगाव १६, नागपूर १४, नाशिक ११. परीक्षकांचे गुण ५० पैकी असे: मुंबई ४३, पुणे ४४, कोल्हापूर ४६, धडगाव ४५, नागपूर ४७, नाशिक ४७. परीक्षकांचे गुण दाटीवाटीने असणार हे गृहीतच धरा. सहा जणांच्या फेरीत कोणी कोणाला ३० देत नाही.

पहिली पद्धत: मतांच्या टक्क्यांची निम्मी संख्या म्हणजे गुण. मुंबईला ११, धडगावला ८, नाशिकला साडेपाच. बेरीज केली की मुंबई, पुणे, नागपूर प्रत्येकी ५४, कोल्हापूर साडेचोपन्न, धडगाव ५३, नाशिक साडेबावन्न. नाशिकचा मुलगा बाहेर, आपली मुलगी अर्ध्या गुणाने आत. परीक्षकांनी तिला एकच गुण कमी दिला असता तर ती बाहेर आणि तो आत.

दुसरी पद्धत: सर्वाधिक मतांना पूर्ण ५०, बाकीच्यांना त्या प्रमाणात. मुंबई ५०, धडगाव ३६.४, नाशिक २५. आता बेरीज मुंबई ९३, धडगाव ८१.४, नाशिक ७२. मते तीच, गुण तेच, पण मुलगी ९.४ गुणांनी निर्धास्त. आणि मुंबईचा स्पर्धक, ज्याला परीक्षकांनी शेवटचा ठरवला होता, तो पहिला. परीक्षकांच्या गुणांत वर-खाली फरक ४ चा, मतांत २५ चा. कागदावर निम्मे-निम्मे असले तरी निकाल मतांनीच लागतो.

तिसरी पद्धत क्रमांकाची: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ४०, असे शेवटच्याला शून्य. यात दुसऱ्या-तिसऱ्यातले अंतर एका मताचे असो की एक लाखाचे, दहाच गुण तुटतात. डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागातल्या स्पर्धकाला ही पद्धत कधी तारते, कधी बुडवते, नेम नाही.

या प्रकरणातली वाहिनी पहिली पद्धत वापरते असे धरू. म्हणजे परीक्षकांचा एक गुण म्हणजे दोन टक्के मते. हे समीकरण समितीने भिंतीवर लिहायला हवे होते. भिंतीवर लागला तो १० बाय १५ चा फ्लेक्स, त्यात स्थानिक पुढाऱ्याचा चेहरा मुलीच्या दुप्पट. फ्लेक्सवर एका पक्षाचा चेहरा दिसला की दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता ॲप उघडत नाही, इतके साधे आहे ते.

मते शहाद्यात कमी, उधन्यात जास्त

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ ची लोकसंख्या ७९ लाखांच्या घरात. एकट्या मुंबईची, उपनगरासह, सव्वाशे लाख. त्यातही लोकसंख्या म्हणजे मते नव्हेत. मत म्हणजे तो भाग पाहिलेला माणूस, चालू नेट, ॲप चालेल असा फोन आणि त्या साडेपंचवीस तासांतली पाच मोकळी मिनिटे.

धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात रेंज टेकडीवर मिळते आणि घरात जाते. घरी डीडी फ्री डिश असेल आणि वाहिनी सशुल्क असेल तर कार्यक्रम दिसतच नाही. मुलगी काय गायली हे यूट्यूबच्या तुकड्यावरून कळते, तेही सोमवारी, व्होटिंग बंद झाल्यावर. शिवाय हंगाम पाहा. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातली हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. स्पर्धेचे शेवटचे आठवडे जानेवारी-फेब्रुवारीत आले तर पाडा निम्मा रिकामा असतो. जे पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर, आहेत त्यांचा फोन दिवसभर झोपडीत चार्जिंगविना पडलेला.

मते खरी आहेत ती सुरतेत. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खान्देशी माणसांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये आहेत, पुण्यात चाकण-भोसरीला आहेत. तिथे नेट आहे, फोन बरा आहे, रविवारची सुट्टी आहे आणि गावाची ओढ गावात राहणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

लोकांना ॲपवर मत द्यायला मदत करणाऱ्या शहाद्यातल्या केंद्राचा हिशेब करून पाहा. ॲप उतरवणे, नंबर टाकणे, ओटीपी येणे, स्पर्धकाचे चित्र शोधणे, दहा मते देणे: कमकुवत नेटवर एका फोनला सात-आठ मिनिटे. एक स्वयंसेवक तासाला आठ फोन करतो. वीस स्वयंसेवक, तीन तास: ४८० फोन, ४,८०० मते. उधन्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ज्यांच्याकडे ॲप आधीच आहे अशा पाचशे जणांना रविवारी दुपारी चारला एक निरोप गेला तर तितकीच मते अर्ध्या तासात पडतात. मदत केंद्र बंद करा असा याचा अर्थ नाही. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने मत देता आले याचे मोल वेगळे. पण वीस पोरांपैकी पंधरा फोनवर बसवून सुरत-नाशिक-पुणे गाठणे हे केंद्रापेक्षा तिप्पट कामाचे.

समितीने पहिल्या आठवड्यात काय केले? शनिवारी संध्याकाळी सहाला रॅली काढली. व्होटिंग उघडायला साडेचार तास होते. डीजेवर नाचून पोरे दमली आणि साडेदहाला झोपली.

ॲपवर मत का बाद होते

सर्वांत जास्त मते वाया जातात ती अर्धवट राहिल्याने. स्पर्धकाच्या चित्रावर बोट ठेवले की एक मोजले जाते, दहा झाली की खाली 'सबमिट' दाबायचे असते. ते न दाबताच फोन बंद होतो. 'आपले मत नोंदवले गेले' ही पाटी दिसल्याशिवाय मत झाले असे धरू नये. स्वयंसेवकाने पाटीचाच स्क्रीनशॉट मागावा.

ओटीपी आला नाही तर लगेच पुन्हा मागू नये. उशिरा आलेला पहिला ओटीपी दुसऱ्या मागणीनंतर रद्द झालेला असतो, आणि तीन-चार वेळा चुकला की नंबर काही काळ अडवला जातो. साठ सेकंद थांबणे हा खरा उपाय. मेमरी भरलेल्या जुन्या फोनवर ॲप उतरतच नाही. तिथे व्होटिंगची सोय वाहिनीच्या वेबसाइटवर आहे का ते आधी पाहून ठेवावे.

एकाच फोनमध्ये सिमे बदलून खाती उघडणे ही पोरांची आवडती युक्ती. ॲप फोनचीही ओळख ठेवते. चौथ्या-पाचव्या खात्यानंतरची मते मोजणीत काढून टाकली जातात आणि काढल्याचे कोणी कळवत नाही. कॉलेजच्या एकाच वायफायवरून शंभर जणांनी मते दिली तरी तोच धोका. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवतात हे वाहिनीच्या तांत्रिक लोकांना ठाऊक असते, म्हणून मोबाइल डेटावरची गर्दी त्यांना खटकत नाही; वायफायवरची खटकते. तेव्हा केंद्रात वायफाय बंद, प्रत्येकाचा स्वतःचा डेटा चालू. नवीन सिमे विकत घेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. एका व्यक्तीच्या नावावर देशात जास्तीत जास्त ९ सिमे चालतात, ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरमध्ये ६. त्यावर गेले तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दंड आहे.

'पन्नास हजार मते, इतके रुपये' म्हणणारे दलाल या टप्प्यावर हमखास उगवतात. त्यांची मते यंत्राने दिलेली असतात, यंत्रालाच ओळखू येतात आणि त्यापायी स्पर्धकाची खरी मतेही संशयात येतात. समितीने लेखी ठराव करून नाही म्हणावे.

खरा घात मात्र वेगळाच होतो. 'आपल्या पोरीला मत द्या' असे म्हणत एक लिंक फिरू लागते. ती ॲपची नसते. ती फोन नंबर विचारते आणि मग आठ अक्षरांचा कोड दाखवून तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगते, किंवा आलेला सहा अंकी कोड मागते. कोड दिला की व्हॉट्सॲप खाते दुसऱ्याच्या हातात, आणि तासाभरात सगळ्या नातेवाइकांना 'तातडीने पैसे पाठवा'. गावाचा उत्साह जितका मोठा तितकी ही लिंक वेगाने पळते, कारण पाठवणारा ओळखीचा असतो. समितीने लिंक पाठवूच नये. 'प्ले स्टोअर उघडा, वाहिनीचे नाव टाका' इतकेच बोलून सांगावे, अहिराणीत, पावरीत, आवाजी निरोपाने. फसगत झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

एसएमएसच्या काळातला धडा

ॲपआधी हा सगळा खेळ पैशाचा होता. २००७ च्या 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात अंतिम फेरीला दोघे होते: दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांतला शिपाई, आणि शिलाँगचा अमित पॉल. दार्जिलिंगच्या डोंगरात वर्गणी काढून एसएमएस पाठवले गेले आणि तमांग मोठ्या फरकाने जिंकला. त्या मोहिमेच्या आघाडीवर असलेले बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. एका रेडिओ निवेदकाने तमांगबद्दल, पर्यायाने नेपाळीभाषकांबद्दल, हिणकस शेरा मारला आणि सिलिगुडीत दंगल उसळली. त्याच वेळी शिलाँगमध्ये उलटे घडले. अमित पॉल बंगाली. तिथे आदिवासी आणि बिगरआदिवासी यांच्यात जुना ताण. त्याच्यासाठी दोघेही रस्त्यावर एकत्र आले आणि मेघालय सरकारने त्याला सलोख्याचा दूत केले. स्पर्धा एक, पर्व एक, मत मागण्याची रीत दोन ठिकाणी दोन, आणि मागे उरले तेही वेगवेगळे.

पैशाच्या बाजूने पाहिले तर वादही झाले. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'तल्या घरबसल्या स्पर्धेसाठी एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे लागत. 'बक्षीस त्याच पैशातून, मग स्पर्धा फुकट कशी?' असे म्हणत एक ग्राहक संघटना राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. आयोगाने २००८ मध्ये १ कोटीचा दंड लावला, तो पुढे सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ऑफकॉम या नियामकाने आयटीव्ही या वाहिनीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला, कारण प्रेक्षकांचे पैशाचे फोन घेऊनही काही कार्यक्रमांत ते नीट मोजले गेले नव्हते. युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेने २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षकांना पुन्हा निम्मा वाटा दिला. तिथे स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, पण परदेशात राहणारा समाज आपल्या मायदेशाला देतोच. म्हणजे उधन्याचे मत धडगावला, हे युरोपातही चालते.

'आपनी पोर शे' म्हणजे कोणाची?

समितीने घोषणा निवडली: आपनी पोर शे. अहिराणी, गोड, फ्लेक्सवर उठून दिसणारी. अडचण एवढीच की मुलगी पावरा, तिची घरची बोली पावरी, अहिराणी तिची बाजाराची भाषा. शाळेत मराठी, स्पर्धेत हिंदी. म्हणजे जिला सर्वांत जास्त आपले मानायचे तिलाच घोषणा परक्या बोलीत. रावेर-यावलच्या लेवा गणबोली बोलणाऱ्याला अहिराणी घोषणा आपली वाटत नाही. जळगावात बहिणाबाईंचे नाव घेतले की कान टवकारतात. आणि नंदुरबारात उलट प्रश्न निघाला: एरवी 'डोंगरातले' म्हणून बाजूला ठेवणारे आज 'आपली पोर' का म्हणताहेत?

हा प्रश्न चुकवून चालत नाही, कारण स्वयंसेवक त्याच पाड्यांतून हवे आहेत. बँडवाल्या नानांनी सुचवलेला तोडगा बरा होता. तीन आवाजी निरोप: पावरीत तिच्या मावशीचा, अहिराणीत कॉलेजच्या मैत्रिणीचा, मराठीत संगीत शिक्षकाचा. तिन्हींत एकच मजकूर: वेळ, ॲपचे नाव, दहा मते, सबमिट. समाजाचे नाव एकातही नाही. अफगाणिस्तानात २००८ साली 'अफगाण स्टार'मध्ये कंदाहारची लीमा सहर पहिल्या तिघांत पोहोचली तेव्हा मते पश्तून म्हणून पडली, बाई म्हणून पडली की गाण्याला पडली, यावर भांडण झाले. आवाजापेक्षा जात-जमात पुढे केली की जिंकणारीलाच नंतर 'मतांवर आली' हे ऐकावे लागते.

काय गायचे

समितीला अहिराणी डीजेचे गाणे हवे होते. सुरत-नाशिक हलेल म्हणून. वाहिनीला 'आदिवासी थीम' हवी होती, पिसांच्या टोपीसकट. मुलीला होळीचे पावरी गाणे हवे होते.

पावरी गाणे स्पर्धेत पडण्याची कारणे आवाजात नसतात, मांडणीत असतात. समूहाचे गाणे असते. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. एकटीने गायले की तिसऱ्या ओळीला सपाट वाटते. सूर पाच-सहांतच फिरतात आणि परीक्षक 'रेंज' शोधत असतात. स्पर्धेचा कट सव्वादोन मिनिटांचा. यावर काम असे झाले: पहिल्या चार ओळी फक्त मांदलवर, मग हाउस बँड, मधे ढोलाचे आठ आवर्तनांचे पीस, त्यानंतर स्केल एका स्वराने वर, म्हणजे तीच चाल आता ताणून गावी लागते आणि रेंज दिसते, उचलायच्या ओळी कोरस गायिकांना. कोरसला देवनागरीत शब्द आणि मुलीच्या आवाजातले रेकॉर्डिंग बुधवारी दिले. गुरुवारच्या तालमीला दिले असते तर उशीर झाला असता. पडद्याखाली मराठी अर्थाची पट्टी मागून घेतली. पिसांची टोपी मुलीने नाकारली. आजीची चांदी घालून उभी राहिली.

कागदाचे काम मंगळवारीच संपवावे लागते. वाहिनीची कायदा शाखा विचारते, गीतकार कोण? पारंपरिक म्हणून चालत नाही असे नाही, पण कोणी त्याच चालीवर नवे संगीत करून यूट्यूबवर टाकले असेल तर वाहिनीच्या व्हिडिओवर दावा येतो. म्हणून शब्द आणि चाल म्हाताऱ्या गायिकेकडून रेकॉर्ड करून, तारखेसह, 'पारंपरिक' असे पत्र जोडून द्यायचे.

आणि उच्चार. अहिराणीत डोळा 'डोया' होतो, पाणी 'पानी' होते. ही वळणे मराठी-हिंदी गाण्यात उमटतात. परीक्षक 'उच्चारांवर काम कर' म्हणून गुण कापतात. गझलेत ते रास्त आहे. लोकगीतात त्याच उच्चाराला 'मातीचा सुगंध' म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात तोच दोष मोजतात. मुलीने दोन्ही ऐकून घेतले. तालमीला रोज अर्धा तास ण आणि ळ.

पुढच्या फेऱ्या

त्या शनिवारी ती अर्ध्या गुणाने टिकली, हे वरच्या गणितात दिसलेच. नाशिकचा मुलगा गेला. त्याच्या ११ टक्क्यांपैकी ४ तिच्याकडे आले, कारण सातपूर-अंबडचे खान्देशी. मुंबई-पुण्याला तीन-तीन, कोल्हापूरला एक. ती २० वर. पावरी गाणे याच पाचांच्या फेरीत झाले, परीक्षकांनी ४७ दिले, ती निवांत वाचली. शहाद्यात फटाके वाजले.

इथेच समिती फसली. बाहेरचा एकटा स्पर्धक गर्दीच्या फेरीत फायद्यात असतो, कारण शहरांची मते आपसात फुटलेली असतात. जसजशी शहरे बाद होतात तसतशी त्यांची मते एकमेकांकडे वळतात, डोंगराकडे नाही. नागपूर गेले तेव्हा त्याच्या १४ टक्क्यांतले ५ मुंबईला, ५ पुण्याला, ३ कोल्हापूरला आणि एक तिला. मुंबई ३०, पुणे २८, कोल्हापूर २१, धडगाव २१. शिवाय 'ती तर सहज वाचली' म्हणून त्या आठवड्यात सुरतेकडे निरोप गेलाच नाही.

मते बरोबरीत, निकाल परीक्षकांच्या गुणांवर. तिने हिंदी गाणे घेतले होते, ४४ मिळाले. कोल्हापूरला ४६. ती चौथी आली.

दोन गुणांची किंमत काढून पाहू. एकूण मते २० लाख धरली तर कोल्हापूरला गाठायला चार टक्क्यांचा फरक हवा, म्हणजे वाढलेली बेरीज धरून ८३ हजारांवर जादा मते, एका फोनला दहा या हिशेबाने सव्वाआठ हजारांवर फोन. शहाद्याचे केंद्र तीन तासांत ४८० करत होते. सुरतेचा पूर्ण रविवार लावला असता तरी मुश्किलीने. तेच दोन गुण गाण्याच्या निवडीत होते. आधीच्या आठवड्यात ४७ मिळवून देणारी मांडणी बाजूला ठेवून, 'सगळ्या महाराष्ट्राला चालेल' म्हणून तिने हजारदा ऐकलेले गाणे घेतले, आणि हजारदा ऐकलेल्या गाण्यात परीक्षकाला दोष आधी ऐकू येतात. ती निवड समितीच्या आग्रहाची होती. पावरी गाणे सलग दोनदा नको, हा वाहिनीचा मुद्दा रास्त होता; पण खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांसारखा, घराघरात माहीत आणि स्पर्धेत न घासलेला पर्याय कोणी सुचवलाच नाही.

परत आल्यावर

पुढे लग्नसराई. नानांना ती बँडबरोबर हवी आहे, चार गावांची सुपारी आली आहे. स्पर्धेच्या करारात मात्र बारा महिने वाहिनीच्या परवानगीशिवाय जाहीर कार्यक्रम करायचा नाही, असे कलम आहे. सहीच्या दिवशी चाळीस पानांतले ते कोणी वाचले नव्हते. परवानगी मिळते, मागावी लागते. पत्रात पाच गोष्टी: तारीख, ठिकाण, मानधन, प्रायोजकाचे नाव, आणि कार्यक्रमाचा व्हिडिओ कुठे टाकला जाणार. पहिल्या चारांवर सहसा हरकत येत नाही. पाचव्यावर येते, कारण यूट्यूबवरचा वाटा त्याच कलमात बांधलेला असतो. नानांनी लिहून दिले, बँड व्हिडिओ टाकणार नाही. वाहिनीने उलट विचारले, वऱ्हाडातल्या दोनशे मोबाइलांचे काय? पत्र अजून तिथेच अडले आहे.